मल्टिपल स्क्लेरोसिस: वायरिंगचा दाखला कुठपर्यंत चालतो?

केळीचं पान | १२ मे, दुपारी ३:१०

परवा गुडघेदुखीच्या धाग्यावर एकीने मला विचारलं, "तुला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे म्हणतेस, म्हणजे नक्की काय होतं गं?" मी ठरलेलं उत्तर दिलं, "वायरवरचं कव्हर निघतं." रात्री वाटलं, बारा वर्षं मी हेच सांगत आलेय आणि ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. भुसावळला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या वार्निशच्या वासात मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे वायरीचा दाखला माझ्या तोंडी आपसूक येतो.

सुरुवात २०१४च्या श्रावणात झाली. दोन दिवस डावा डोळा फिरवला की मागून दुखायचा. मंगळागौरीला बसलेले असताना उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं, तो चोळायला झाकला, तर करंड्यातलं कुंकू गेरूसारखं दिसायला लागलं. उजवा उघडला की लाल, झाकला की गेरू. दोन दिवसांनी त्या डोळ्याने समोरच्याचा चेहराही दिसेना. डोळ्यांमागची नस सुजली आहे असं निदान झालं. स्टेरॉइडचं सलाइन पाच दिवस, रोज १ ग्रॅम. सहा आठवड्यांत नजर परत आली आणि घरातले सगळे ते विसरून गेले. मीसुद्धा.

चौदा महिन्यांनी बेंबीभोवती कुणीतरी परकराची नाडी गच्च आवळतंय असं वाटायला लागलं. खाली पाय बधिर. एका ठिकाणी "मणका" म्हणाले. सात आठवडे वजनं लावून झोपले, पट्टा बांधला. शेवटी मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला. मेंदूत नऊ डाग, कण्यातल्या दोरीत दोन.

आता अण्णांची गोष्ट. माझे वडील. त्यांना "तुमच्या मुलीच्या मेंदूवर डाग आहेत" हे वाक्य काही केल्या कळेना. मग डॉक्टरांनी डोळ्यांची ती टेस्ट केली, ज्यात टीव्हीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन उलटसुलट होतात आणि डोक्याच्या मागे चिकटवलेल्या तारा मोजतात की चित्र दिसल्यापासून मेंदूच्या मागच्या भागात लाट उठायला किती वेळ गेला. साधारण १०० मिलिसेकंद लागतात. माझा उजवा डोळा १०१. डावा १३८. तोपर्यंत डाव्या डोळ्याने मी पेपर वाचत होते हे लक्षात घ्या! अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "म्हणजे टेस्ट लॅम्प लावला तर हिची लाइन चालू दाखवते, पण माल खराब आहे." न्यूरॉलॉजिस्ट हसले. म्हणाले, "काका, इतकं बरोबर मला सांगता आलं नसतं."

तर कव्हर. शाळेच्या पुस्तकात चेतापेशीची लांब शेपटी असते ना, अक्षतंतू, त्यावर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं. मेंदूतल्या आणि कण्यातल्या एका प्रकारच्या पेशी आपलंच आवरण कॉटन टेपसारखं त्या तंतूभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळतात. ही एकेक पेशी शेजारच्या कितीतरी तंतूंना टेप गुंडाळत असते. टेप सलग नसते. मध्ये मध्ये उघडी गाठ सोडलेली असते आणि संदेश एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर उड्या मारत जातो. त्यामुळे वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी ४३० किमी. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला २ मीटरच्या आतबाहेर, आपण बाजारात चालतो तेवढा.

एमएसमध्ये शरीराचंच संरक्षण दल ही टेप खरवडतं. उड्या मारायची सोय फक्त गाठींवर होती. मधला तुकडा उघडा पडला की विजेची गळती होते आणि संदेश तिथेच मरतो. माझा डोळा गेला तो असा. पुढे सूज उतरते, उघड्या पडलेल्या तुकड्यावर शरीर संदेश पुढे ढकलणारी नवी सूक्ष्म दारं बसवतं आणि संदेश उडी न मारता सरपटत का होईना जातो. १३८ मिलिसेकंद ते हेच.

इथे दाखला संपतो. तांब्याच्या तारेला भूक नसते, तंतूला असते. टेप गुंडाळणारी पेशी तंतूला आतून अन्नही पुरवते, म्हणजे कव्हर हाच त्याचा डबेवाला. डबा बंद, आणि वर सरपटत संदेश पाठवायला शक्ती जास्त लागते. अशाने काही वर्षांत तंतू स्वतःच मरतो. कव्हर काही प्रमाणात परत येतं. तार परत येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की "अटॅक आला, गेला, आता बरी आहे" ह्या हिशेबावर विसंबून राहू नका.

---

उनाड वारा | १२ मे, दुपारी ४:०२

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. माझ्या आईची पायातली नस दबली आहे (सायटिका). ते पण हेच का?

---

केळीचं पान | १२ मे, दुपारी ४:३०

नाही. मराठीत आपण "नस" शब्द फार सैल वापरतो. रक्ताची शीर ती नस, पायातला तंतू तोही नस, मान आखडली तरी नस! एमएस मेंदू, कण्यातली दोरी आणि डोळ्यांमागच्या तंतूंपुरता असतो. हातापायांतल्या तंतूंचं वेष्टण वेगळ्या पेशी बनवतात, त्यांच्या वाटेला हा रोग जात नाही. मला सात आठवडे पट्टा का बांधला याचं उत्तर याच "नस" शब्दात आहे. मी "कमरेखाली नस बधिर" म्हटलं, त्यांनी मणका ऐकला.

---

स्टेथो बाजूला | १२ मे, रात्री ९:४५

धागाकर्तीला दंडवत. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, एमडी मेडिसिन आहे. थोडी भर घालतो.

मेंदूत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांना कडक बंदोबस्त असतो. रक्तातल्या लढाऊ पेशी सहसा आत सोडल्या जात नाहीत. एमएसमध्ये टी आणि बी जातीच्या पांढऱ्या पेशी बाहेर कुठेतरी चुकीचं शिक्षण घेऊन येतात, हा बंदोबस्त ओलांडतात आणि मायलिनला शत्रू समजतात. त्या बारीक शिरांच्या भिंतींतून आत घुसतात, म्हणून डाग शिरांभोवतीच उमटतात. एमआरआयमध्ये मेंदूच्या पोकळीपासून बाहेर पसरलेली बोटं दिसतात. जेम्स डॉसन यांनी १९१६मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं वर्णन केलं, आजही रिपोर्टमध्ये "डॉसन्स फिंगर्स" असंच लिहितात.

नावाबद्दल. स्क्लेरोसिस म्हणजे कडक झालेला व्रण, मल्टिपल म्हणजे अनेक. १८६८मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी हा आजार कंपवातापासून वेगळा काढला. वेष्टण जातं पण आतला तंतू बराचसा टिकतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते चूक नव्हतं, पण त्यामुळे पुढची शंभरेक वर्षं सगळ्यांची नजर वेष्टणावरच राहिली. १९९८मध्ये ब्रूस ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतल्या ताज्या डागांत तुटलेल्या तंतूंची टोकं मोजली. एका घन मिलिमीटरमध्ये सरासरी ११,०००हून जास्त. साबुदाण्यापेक्षा लहान जागेत. म्हणजे डबा बंद झाल्यावर तंतू हळूहळू मरतो हे खरंच, पण पहिल्या हल्ल्यातही काही तंतू सरळ तुटतात. अण्णांच्या "माल खराब"ला याहून चांगला पुरावा नाही.

---

शेंगदाणे लाडू | १२ मे, रात्री १०:२०

पण शरीराला मायलिन शत्रू का वाटतं? कुणी शिकवलं?

---

स्टेथो बाजूला | १२ मे, रात्री ११:३५

याचं उत्तर लांबेल, झोप आली तर उद्या वाचा.

आपल्या पिढीला कुत्रं चावल्यावरची पोटातली १४ इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवून, मग तो मारून करायचे. १९११मध्ये कसौलीला सेंपल यांनी ती पद्धत बसवली आणि आपल्याकडे ती थेट २००५च्या सुमारापर्यंत चालली. लाखो लोकांचे जीव तिने वाचवले. पण थोड्या जणांना इंजेक्शनांनंतर पाय लुळे पडणं, लघवी अडणं, बेशुद्धी असं व्हायचं. रेबीजमुळे नाही, इंजेक्शनातल्या मेंढीच्या मायलिनमुळे. शरीर त्याविरुद्ध सैन्य उभं करायचं आणि ते सैन्य स्वतःच्याच मेंदूवर चालून जायचं.

असे अपघात पाश्चरच्या काळापासून होत होते. त्याचा छडा लावायला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३०च्या दशकात माकडांना सशाच्या मेंदूची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा दिली. विषाणू नसतानाही माकडांच्या मेंदूतलं मायलिन गेलं. एमएसची बरीच औषधं आधी याच धर्तीवर आजारी पाडलेल्या जनावरांवर तपासली गेली. तो आजार आणि एमएस एक नव्हेत, पण शरीराला मायलिनविरुद्ध "शिकवता" येतं हे तिथे सिद्ध झालं.

एमएसमध्ये शिक्षक कोण? मोठा संशय एप्स्टाइन-बार विषाणूवर आहे. २०२२मध्ये हार्वर्डच्या गटाने अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेली रक्तं तपासली. हा विषाणू नव्याने झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. इतर तशाच विषाणूंनी वाढला नाही. त्याच वर्षी हेही दिसलं की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनाशी मिळताजुळता आहे, आणि काही रुग्णांची प्रतिपिंडं दोन्हींना चिकटतात. मात्र जगातल्या बहुतेक प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो. तुम्हाला, मला, सगळ्यांना. त्यामुळे सोबत अजून काही लागतं: विशिष्ट जनुकं, कमी ड जीवनसत्त्व, धूम्रपान. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना होतो.

---

अबर्डीनची पुरणपोळी | १३ मे, पहाटे २:१५

आमच्या स्कॉटलंडमध्ये हा आजार घरोघरी ऐकू येतो. उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर तर जगात सगळ्यात जास्त. ऊन म्हणाल तर हिवाळ्यात दुपारी साडेतीनला दिवे लावावे लागतात. इथे डॉक्टर थंडीत सगळ्यांनाच ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगतात.

अवांतर, पण याच भागाशी संबंध आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते डिसेंबर १८२२मध्ये एका नातेवाइकाला भेटायला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आला, तर त्याच्या अंत्यविधीलाच हजर राहावं लागलं. त्यानंतर त्याची नजर इतकी धूसर झाली की पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग औषधाशिवाय आपोआप बरी झाली. पुढे दुहेरी दिसणं, पाय ओढत चालणं, लघवीचा त्रास, शेवटी चाकाची खुर्ची, हे सगळं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. १८४८मध्ये तो गेला, शार्कोंनी आजार वेगळा काढायच्या वीस वर्षं आधी. केळीचं पान, तुझं कुंकू वाचलं आणि तोच आठवला.

---

केळीचं पान | १३ मे, सकाळी ७:५०

अंगावर काटा आला. फरक एवढाच की त्याची नजर परत आली तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे सांगणारं कुणी नव्हतं.

आणि ऊन! कमी उन्हाच्या देशांत हा जास्त होतो आणि माझ्यासारखीला उन्हानेच घायाळ केलंय, हा विनोद बघा. मे महिन्यातलं भुसावळ ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी गच्चीवरून कुरडया आणायला गेले की डाव्या डोळ्यापुढे धुकं. अर्धा तास पंख्याखाली बसलं की जातं. आधी प्रत्येक वेळी नवा अटॅक समजून रडायचे.

---

स्टेथो बाजूला | १३ मे, सकाळी ८:४०

याला नाव आहे, "उट्हॉफ फिनॉमिनन". उट्हॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९०मध्ये व्यायामानंतर नजर धूसर होणारे रुग्ण नोंदवले. शरीर तापलं की तंतूवरची दारं लवकर मिटतात. चांगल्या तंतूला फरक पडत नाही. तुमचा डावा डोळा मुळातच काठावर चाललाय, त्याला अर्धा अंश वाढला तरी पुरतो. पूर्वी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे! सोडलं ते बरं झालं.

यात नवी इजा होत नाही, थंड झालं की पूर्ववत. नवीन त्रास २४ तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नसेल, तर मात्र डॉक्टरांना गाठायचं.

---

रानमेवा | १३ मे, सकाळी १०:१२

एवढी चिरफाड वाचून घाबरायला होतं. माझ्या मावसदिरांना हाच आजार. दोन वर्षांपूर्वी पाय गेले होते. तीन महिने बस्ती, निर्गुंडीचं तेल आणि गव्हाचं पीठ पूर्ण बंद. चालायला लागले! आता इंजेक्शनंबिक्शनं काही नाही. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत.

---

केळीचं पान | १३ मे, सकाळी ११:३०

रानमेवाताई, ते चालायला लागले याचा खरंच आनंद आहे. तेल लावायला माझीही ना नाही, मीही लावते, बरं वाटतं.

पण देस्तेची नजर १८२२मध्ये कशाने परत आली? तेव्हा निर्गुंडीही नव्हती आणि स्टेरॉइडही. या आजारात सुरुवातीचे बरेचसे अटॅक आपोआप ओसरतात. त्या काळात जे काही चालू असतं त्याला श्रेय मिळतं, बाबाचा अंगारा असो की सलाइन. स्टेरॉइडनेसुद्धा डोळा लवकर सुधारतो, पण वर्षभरानंतरची नजर फारशी वेगळी नसते. हे मला माझ्याच डॉक्टरांनी सांगितलं, लपवलं नाही.

आणि मधल्या शांत काळात काहीच चालू नसतं असं नाही. जाणवणाऱ्या एका अटॅकमागे एमआरआयमध्ये पाच ते दहा नवे डाग न जाणवता पडलेले सापडतात. मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो, म्हणून कळत नाही. ती शिल्लक संपली की मग कळतं. माझे पहिले नऊ डाग असेच होते. डोळा सोडला तर त्यांतला एकही मला जाणवला नव्हता.

कृपया दिरांचा एमआरआय तरी एकदा करून घ्या. एवढंच.

---

रानमेवा | १३ मे, दुपारी १२:०५

बघते बोलून. ते ऐकतील असं वाटत नाही.

---

मधली सुट्टी | १३ मे, दुपारी १:२०

माझ्या भावाचा रिपोर्ट टाइप करतो, कुणी सांगेल का? "मल्टिपल टी-टू हायपरइंटेन्स फोसाय इन पेरिव्हेंट्रिक्युलर..."

---

स्टेथो बाजूला | १३ मे, दुपारी २:१०

नको. पांढरे ठिपके मायग्रेनमध्ये दिसतात, बीपीमध्ये दिसतात, वयाने दिसतात. एमएस ठरवायला डाग वेगवेगळ्या ठराविक जागी आणि वेगवेगळ्या वेळी पडल्याचा पुरावा शोधतात, कधी पाठीतलं पाणी काढून त्यात विशिष्ट प्रथिनांच्या पट्ट्या आहेत का बघतात. आपल्याकडे बी-१२ची कमतरता भरपूर. तीही कण्यातल्या दोरीचं वेष्टण खाते, पण इंजेक्शनांनी वेळेत थांबवता येते. शिवाय एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) नावाचा जुळा दिसणारा आजार आहे, त्यात मुख्यतः डोळा आणि कणा धरला जातो. त्याची प्रतिपिंडं २००४मध्ये सापडली. त्यात एमएसची काही औषधं दिली तर तो उलट भडकतो. म्हणून रिपोर्ट इथे नको, न्यूरॉलॉजिस्टकडे.

आणि "हा गोऱ्यांचा आजार" हेही कुणी सांगितलं तर सोडून द्या. भारतात प्रमाण कमी, पण आहे. मुंबईच्या पारशी समाजात तुलनेने जास्त आहे, हे डॉ. नोशीर वाडिया आणि इतरांनी दाखवून कित्येक वर्षं झाली.

---

ओली_चिंच | १३ मे, सायंकाळी ६:४०

नाव बदलून लिहितेय. मला गेल्या वर्षी निदान झालं. घरी स्थळं बघताहेत. सांगायचं की नाही, मूल होऊ शकतं का, त्याला होईल का... कुणाला विचारू कळत नाही.

---

केळीचं पान | १३ मे, रात्री ८:१५

ये गं. तुला वेगळा निरोप (विपू) केलाय, सविस्तर तिथे बोलू. इथे एवढं लिहिते कारण इतरही वाचत असतील.

मूल होऊ शकतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, अटॅक कमी होतात. बाळंतपणानंतरचे तीन महिने मात्र सांभाळायचे, तेव्हा ते वाढतात. औषधांतली काही आधी बंद करावी लागतात, म्हणून ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. आनुवंशिक म्हणावा तसा हा नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक. आईकडून मुलाला शंभरात दोन-तीन. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि आत्ता अंगणात गाढवासारखा ओरडतोय.

सांगायचं की नाही? माझं मत, सांगायचं. पहिल्या भेटीत नाही, पण साखरपुड्याआधी नक्की. दोन स्थळं गेली तरी चालतील. लपवून संसार केला की दुपारचा थकवाही लपवावा लागतो, आणि तो लपत नाही. लोकांना वाटतं बाई आळशी आहे.

---

उनाड वारा | १३ मे, रात्री ९:००

या थकव्याचं कारण काय? एमआरआय "स्टेबल" असेल तरी येतो?

---

स्टेथो बाजूला | १३ मे, रात्री १०:३०

येतो. एक कारण वर आलंच, खराब वाटेवरून संदेश न्यायला जास्त शक्ती जाते. दुसरं असं की नवे डाग पडणं थांबलं तरी जुन्या डागांच्या कडेने मेंदूच्याच सफाई पेशी धुमसत राहतात, राखेखालच्या निखाऱ्यासारख्या. साध्या एमआरआयला ते नीट दिसत नाही. निरोगी माणसाचा मेंदू वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के आकसतो, उपचार न घेतलेल्या एमएसमध्ये ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त. आजची औषधं बाहेरून येणारं सैन्य उत्तम थोपवतात. आतलं धुमसणं अजून त्यांच्या फारसं हातात नाही. म्हणून सैन्य आत शिरायच्या आधी थांबवायचं, म्हणजे लवकर सुरू करायचं. १९९३मध्ये इंटरफेरॉन हे एमएसचे हल्ले कमी करणारं पहिलं औषध आलं, त्याआधी हे म्हणायचीही सोय नव्हती.

---

शेंगदाणे लाडू | १३ मे, रात्री १०:५०

खर्चाचं कसं जमवतेस केळीताई? आगाऊपणा वाटला तर सोडून दे.

---

केळीचं पान | १३ मे, रात्री ११:१०

आगाऊपणा कसला. महागडी परदेशी औषधं मला परवडली नसती. मी रिटुक्सिमॅब घेते, दर सहा महिन्यांनी. मुळात ते कर्करोगाचं औषध, पण देशी कंपन्यांचं मिळतं, आणि एमएससाठी आपल्याकडे बरेच डॉक्टर वापरतात. इन्फेक्शनची भीती असते, त्यामुळे गर्दीत मास्क. २०१६च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव स्वतंत्र आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा. मुंबईत १९८५पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, पुण्यातही शाखा आहे. पहिल्या वर्षी मला त्यांच्याकडच्या एका बाईंच्या फोनने जेवढा धीर आला तेवढा कशानेच नाही.

---

उनाड वारा | १३ मे, रात्री ११:२५

आणि अण्णा? दुकान चालू आहे का?

---

केळीचं पान | १३ मे, रात्री ११:४०

चालू म्हणजे, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कॉइल भरतात. मला "बरं वाटतंय का" असं कधी विचारत नाहीत. चौकोनांची टेस्ट झाली की फोनवर एकच प्रश्न, "किती मिली आलं?" गेल्या वेळी डावा १३१ आला. सातने उतरला म्हणून त्यांनी पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले एवढा फरक मशीनचाही असू शकतो. मी अण्णांना ते सांगितलेलं नाही.

उद्या माझं सलाइन आहे, पहाटे पाचची नाशिकची गाडी. ऊन चढायच्या आत पोचायचं. ओली_चिंच, तुझा निरोप गाडीत वाचते.